झुंबरबाईचा सफेदा

जळगावचा कार्यक्रम आम्हाला मिळाला तो भर वैशाखात, आणि तोही दुपारचा. रात्री त्याच हॉलमध्ये मोठ्या पाहुण्यांचे सत्कार होते, म्हणून तमाशावाल्यांना दुपार. खानदेशातली वैशाखाची दुपार तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि पारोळ्याच्या पुढे गाडीच्या दांड्याला हात लावला तर चटका बसतो. तरी आम्ही निघालो. लोककला महोत्सव होता ना! वर्षभर आम्हाला कोणी चहा विचारत नाही, महोत्सवात मात्र आम्ही एकदम संस्कृतीचा ठेवा होतो.

मी सविता. दोंडाईच्याच्या शालिग्राम नानांच्या लोकनाट्य मंडळात गाते. माझा मोठा भाऊ वाल्मीक तिथलाच सोंगाड्या. आणि त्या दिवशी माझी लेक भूमिका पहिल्यांदा गौळणीत राधा म्हणून उभी राहणार होती. आधीची राधा ऑर्केस्ट्रात निघून गेली, तेव्हा नाना स्वतः आमच्या घरी आले. म्हणाले, "सविता, पोरीचे पाय चांगले पडतात. फक्त जरा रंगानं..." आणि घुटमळले. मी म्हटलं, "नाना, पायांनीच नाचायचं ना?" मग त्यांनी चहा घेतला आणि गेले.

भूमिका काळी. सावळी-बिवळी नाही, काळी. माझ्यासारखी, माझ्या आईसारखी. बघायला येणारे "नाकीडोळी नीटस आहे हो" म्हणून उठायचे आणि दोन दिवसांनी फोटो परत पाठवायचे. आमच्या समाजात जात मानत नाहीत, विहारात सगळे एका सतरंजीवर बसतात. पण सून बघायला निघाले की सगळ्यांना एकच रंग दिसतो. पोरीला मात्र त्याचं काही नव्हतं. आरशासमोर उभी राहून स्वतःशीच गाणं म्हणायची. मी इतकी वर्षं तोंडाला सफेदा फासून उभी राहिले, आणि ही मला म्हणते, "आई, मी काही लावणार नाही. राधा माझ्यासारखी दिसली तर काय बिघडलं?" खरं सांगते, माझी छाती भरून आली. म्हटलं, जा बाई, आपल्यात कोणीतरी आपल्या तोंडानं उभं राहू दे.

गाडीत रंगाची पेटी वाल्मीकभाऊच्या मांडीवर होती. ती आम्ही खाली ठेवत नाही, कोणाचा पाय लागू नये म्हणून. त्यात सगळ्यांचे रंग, आणि तळाशी एक पितळी डबी, झाकणाला घुंगराची दोरी गुंडाळून गाठ मारलेली. मंडळातलं माणूस फडावर असताना गेलं तर त्याचा रंग फेकायचा नाही, अशी आमच्यात रीत आहे. तो पेटीतच राहतो. दसऱ्याला घुंगरांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं, पण गाठ कोणी सोडत नाही. ही डबी झुंबरबाईची.

झुंबरबाई आमच्या मंडळाची जुनी नाचणारी. मी पोर होते तेव्हा ती उतारवयाला लागली होती, पण तंबूत पाऊल टाकलं की माणसं उठून उभी राहायची. तिला सफेद्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. जेवताना सफेदा, झोपताना सफेदा. आम्ही पोरी मागून हसायचो. मग एकदा वाल्मीकभाऊनं मला खरं ते सांगितलं.

त्याआधी वाल्मीकभाऊचं सोंग सांगायला हवं. त्याचं गाजलेलं सोंग म्हणजे काळा नवरदेव. तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून तोंडभर चोपडायची, ओठ लाल, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. असा नवरदेव मुलगी बघायला येतो, मुलगी त्याला बघून चक्कर येऊन पडते, आणि लोक हसून हसून बेजार होतात. हे सोंग आमच्या घरातच चालत आलेलं. आजोबांच्या वेळी त्याला हबशी म्हणायचे. वडिलांच्या वेळी तो भिल्ल झाला, गळ्यात माळा, हातात तीरकामठा. टीव्ही आल्यावर भाऊनं त्याला बॅट दिली आणि वेस्ट इंडिजचा पाहुणा केलं. काजळी तीच राहिली. सारंगखेड्याच्या जत्रेत पुढे पावरा आदिवासी माणसं बसलेली असत, ती हसत नसत. मागचे हसत, आणि पुढच्यांच्या खाली गेलेल्या माना पाहून आणखी हसत.

तर झुंबरबाई. तरुणपणी ती एकदा आपल्याच तोंडानं फडावर गेली होती. काळीभोर बाई, अंगावर भरजरी लुगडं. लोकांना वाटलं, सोंगाड्याच बाई होऊन आला. अख्खा तंबू हसत सुटला. कोणी म्हणालं, काजळी पूस! एक जण तर फडावर चढला आणि त्यानं ओल्या फडक्यानं तिचा गाल पुसून पाहिला. त्या दिवसापासून तिनं सफेदा उतरवला नाही. पारोळ्याच्या मुक्कामात नाचून आली, बसली, आणि बसल्या जागी गेली. आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली. तोंडाचा सफेदा काही केल्या निघेना. नाना म्हणाले, "राहू द्या, तिलाही हेच आवडलं असतं." तशीच नेली.

असो. हॉल भरला होता. बाहेर आग पडत असेल तर फुकटच्या एसीला माणसं येणारच. महोत्सववाले नानांना म्हणाले, "आधी कॉमेडी घ्या, म्हणजे पब्लिक बसेल." आमच्यात आधी गण, मग गौळण. पण ऐकतो कोण? भाऊ काजळी फासून गेला. मुलगी चक्कर येऊन पडली. हॉल हसून फुटायला आला, पुढच्या रांगेतले शिकलेले लोकसुद्धा रुमालानं डोळे पुसत होते. आणि त्याच हशात ढोलकी फिरली आणि माझी भूमिका डोक्यावर माठ घेऊन आत गेली.

मला कळायच्या आत ते झालं. लोकांना वाटलं, सोंग पुढे चाललंय.

"नवरदेवाची बहीण आली रे!" कोणीतरी ओरडलं.

हसू गेलं होतं ते दुप्पट होऊन परत आलं. पोरीनं दोन पावलं टाकली. तिसरं टाकलं. ती नाचत होती हो, चुकत नव्हती! पण प्रत्येक पावलाला हशा. एका बाईनं आपल्या मांडीवरच्या पोराचा मोबाईल काढून घेतला आणि शूटिंग सुरू केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माईकवर गात होते, आवाज थांबवता येईना आणि शिवीही देता येईना. भूमिकानं नाच पुरा केला, नमस्कार केला आणि आत आली. रडली नाही.

नानांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "शेवटच्या लावणीला ती अशी जाणार नाही. तिला तोंड रंगवून घ्यायला सांग, नाहीतर तू उभी राहा."

मेकअपची खोली हॉलच्या मागे, खिडकी नसलेली. तेवढ्यात लाईट गेली. हॉलला जनरेटर, आमच्या खोलीला काय असणार? पंखा थांबला आणि खोली तापायला लागली. भूमिका कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाळा, तू घरी चल. लावणी गेली खड्ड्यात." ती म्हणाली, "पाणी आण ना आई." बस, एवढंच. मी बाटली घेऊन बाहेर गेले.

परत आले तर दारातच वास आला. जुनं खोबरेल, शिळा मोगरा आणि त्याखाली काहीतरी ओलं, धुतलेल्या अंगाला येतो तसा वास. मोबाईलचा उजेड केला. भूमिका सरळ बसली होती. कपाळापासून गळ्यापर्यंत, कानाच्या पाळीमागेसुद्धा, पांढरी. एकसारखी. कुठे बोट उमटलेलं नाही.

"भूमिका... कुठला लावलास?"

"अंधारात हाताला आली ती डबी घेतली."

"आणि आरसा?"

"लागला नाही... हात आपोआप फिरला."

पायाशी पितळी डबी पडली होती. आत तळ दिसत होता. शेजारी घुंगराची दोरी, आणि दोरीची गाठ जशीच्या तशी. कोणी सोडलेली नव्हती. मी ती उचलायला वाकले आणि माझा हात मागे आला. कोणी धरला नव्हता, मीच घाबरले होते.

लावणीला टाळ्या पडल्या. उभं राहून टाळ्या! मगाचीच माणसं, मगाच्याच खुर्च्या. कोणाला कळलंसुद्धा नाही की ही तीच पोरगी. वाल्मीकभाऊ विंगेत अर्धी काजळी पुसून उभा होता. त्याचं फडकं हातातच राहिलं.

"सवे," तिच्या पावलांकडे बघत तो हळूच म्हणाला, "हाई वळण तू शिकाडं का तिले?"

"नाही."

"मंग हाई... झुंबरबाईनं शे." म्हणजे झुंबरबाईचं.

त्याचं तोंड त्यानं हौदावर धुतलं. साबणाच्या दोन हातांत काजळी निघाली. भूमिकाचा सफेदा निघाला नाही. तिथे नाही, पारोळ्याला ढाब्यावर नाही, घरी नाही. खोबरेल लावलं, बेसन लावलं, शेवटी रॉकेलचा बोळासुद्धा फिरवला. वर ओतलेलं पाणी तसंच स्वच्छ खाली आलं. टॉवेल कोरा तो कोरा. हळूहळू हात, पाय, पाठ, सगळं तसंच झालं. मी धुळ्याला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, नखांनी खरवडलं आणि म्हणाले, "कोड नाही. स्किन एकदम छान आहे. काळजी कसली करता?" बाहेर आले तर नर्स मागे धावत आली. इकडे तिकडे बघून कानाशी म्हणाली, "ताई, कोणतं क्रीम वापरलं ते सांगा ना."

तिथून माझं नशीब बघा! पोर हातची गेली आणि मला जो तो पेढे मागतोय. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बया, किती उजळली गं!" माझी नणंद, जी हिच्या बारशाला तोंड वाकडं करून बसली होती, तिनं हिला जवळ घेऊन फोटो काढले. नानांनी पोस्टरवर हिचं तोंड छापलं. फोटो परत पाठवणाऱ्या घरांतून आपणहून फोन यायला लागले. मी कोणाला म्हणायला गेले की माझी पोर हरवलीय हो, तर माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघायचे. म्हणायचे, "सविता, तुला सुख दुखतंय."

पण आई आहे मी. माझी भूमिका पालथी झोपायची, उशीत तोंड खुपसून. ही उताणी झोपते, रात्रभर कूस बदलत नाही. माझी खळखळून हसायची. ही ओठ फाकवत नाही. आरशाकडे बघत नाही. अंगाला हात लावू देत नाही, मी जवळ गेले की उठून दुसरीकडे बसते.

एकदाच, फक्त एकदाच, दुपारी लाईट गेली असताना ती आपणहून आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी पाय हलवला नाही. खोलीत उकाडा, बाहेर एक चिमणी नाही. आणि मला आवाज आला. माझ्या भूमिकाचा आवाज, लहानपणी तापात असताना यायचा तसा बारीक.

"माय... मन्हं तोंड कोठे शे?"

मी खाली पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"आठेच शे बेटा, इथेच आहे," मी म्हणाले, "आठेच शे. मी काढस तुले." आणि मी नखांनी, हो, नखांनी, तिचा गाल खरवडला. लाईट आली. ती उठली आणि पदर सारखा करून खिडकीशी जाऊन बसली. गालावर ओरखडासुद्धा नव्हता.

त्याच आठवड्यात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा राजदीप, नोकरीला, घर स्वतःचं. सगळे खुश. मला मात्र रात्र रात्र झोप लागेना. इथे निदान मी होते, जिला माहीत होतं की आत कोण आहे. लग्न होऊन गेली की तिथे तिला कोण हाक मारणार? ते तर ह्या तोंडालाच भूमिका म्हणणार. माझी पोर आत पडून राहील आणि वर कोणीतरी दुसरीच संसार करील. मी ठरवलं, हे स्थळ मोडायचं. खरं सांगून मोडायचं.

ते बघायला आले ते रविवारी दुपारी. राजदीप, त्याचे वडील आणि मोठी बहीण. बहिणीबरोबर तिची चार-पाच वर्षांची मुलगी. पोरगी माझ्या भूमिकाच्या लहानपणाची मूर्ती, तशीच काळीभोर, चुळबुळी. बहीण मदतीला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि मी दार लोटून घेतलं.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हीही लेकीची आई आहात, म्हणून सांगते. नंतर मला बोल लावू नका."

आणि सगळं सांगितलं. झुंबरबाई, डबी, गाठ, मांडीवरचा तो आवाज. कढईतली भजी करपली. अक्काचा चेहरा उतरत गेला. हातावर काटा आलेला मला दिसला. तिनं पोरीला जवळ ओढलं. मला वाटलं, चला, सुटलो. ही आता उठणार, भावाला खूण करणार आणि चपला घालणार.

अक्कानं गॅस बारीक केला. मग दाराकडे बघून, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

"पण ताई... आता हा रंग परत जाणार तर नाही ना?"

मी करपलेली भजी झाऱ्यानं उपसत राहिले.

"नाही म्हणजे, पुढे लेकरंबाळं होणार," ती म्हणाली, "म्हणून आपलं विचारलं."

तेवढ्यात भूमिका ट्रे न्यायला आत आली. अक्का उठली. "किती गोड दिसतेस गं!" म्हणत तिनं भूमिकाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मी चमकून पाहिलं. मला जी हात लावू देत नव्हती, ती जागची हलली नाही.

अक्काची बोटं पांढरी झाली होती.

दोन महिने मी जीव तोडून घासत होते, माझ्या हाताला कणभर लागला नव्हता. आणि आता भूमिकाच्या उजव्या गालावर चार बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, आणि त्या रेघांत काळं दिसत होतं. माझं काळं! माझ्या पोरीची कातडी, ओली, घामेजलेली, जिवंत. "भूमे!" म्हणत मी पदर घेऊन धावले.

अक्काचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या बोटांकडे बघत होती. एकदा तिनं ती पदराला पुसायला नेली, पण पुसली नाहीत. दाराकडे पाहिलं. मग खाली बसली, आपल्या लेकीची हनुवटी धरली आणि ती चारी बोटं तिच्या डाव्या गालावरून हळूच ओढली.

"अक्का, नका!" मी ओरडले. "ऐकलं ना तुम्ही सगळं? नका!"

मी वळून पाहिलं तोवर भूमिकाच्या गालावरच्या रेघा भरून आल्या होत्या. कुठे फट नव्हती. माझा पदर कोरा होता.

छोटीनं ओट्यावरचं स्टीलचं ताट ओढून त्यात आपलं तोंड पाहिलं. एकदा हा गाल, एकदा तो. अक्का माझ्याकडे बघत नव्हती. भूमिकानं ट्रे खाली ठेवला, गुडघे टेकले आणि आपला चेहरा त्या पोरीच्या हाताला पोचेल इतका जवळ आणला.

छोटी हसली आणि दुसऱ्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "मम्मी, इथे पण लाव ना."